अठ्ठ्याहत्तर निळ्या रेघा

चौकटीवर निळ्या रेघा अठ्ठ्याहत्तर होत्या. दीपालीने तिसऱ्यांदा मोजल्या. वर्गात मुलं एकोणीस. पहिली ते चौथी, दर जूनला बाई दारात उभं करून प्रत्येकाची उंची मापायच्या. मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे. दर बॅचला वेगळ्या रंगाची पेन्सिल, दीपालीच्या बॅचची निळी. सोनबा तिसरीनंतर शाळा सोडून गेला, म्हणजे रेघा हव्यात पंच्याहत्तर.

"बाई, तीन जास्त आहेत."

"इंजिनिअर झालीस ना? मग मोज परत," कुसुमबाई खुर्चीतून म्हणाल्या.

नारायण पेठेतली ही शाळा मुलांअभावी बंद पडली होती. सोमवारी इमारत पाडणार होते. त्याआधी सगळ्यांची मापं उतरवून वर्गाला मेल करायची, एवढ्यासाठी दीपाली हिंजवडीच्या ऑफिसातून रजा काढून आली होती. किल्ली बाईंकडे होती.

तिने उजव्या बाजूची नावं वाचली. जास्तीच्या तिन्ही रेघांपुढे एकच नाव होतं. सोनबा. ९६, ९७, ९८.

"पण तो तर लोणी काळभोरला मामाकडे गेला ना? मला न सांगता गेला म्हणून मी वर्षभर कट्टी धरली होती, बाई!"

"गेला नाही, नेला. बांधकामावर बापाला डबा द्यायला गेला आणि परांचीवरून पडला. कमरेखाली सगळं लुळं." बाईंनी चष्मा काढला. "वर्गाला सांगू नका म्हणाला. पण माझी रेघ थांबवू नका, बाई. मग दर जूनला एका रविवारी बसने जायचे. खाटेवर सरळ निजवून शिंप्याच्या टेपने मोजायचे, आणि इथे येऊन रेघ मारायचे."

दीपालीच्या हातातली टेप सट्कन आत गेली. "आता कुठे असतो?"

"अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधीच गेला गं."

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत राहिलं.

"शेवटच्या वेळी विचारलं, 'बाई, दीपीच्या फुडं गेलो का?' तुझी चौथीची रेघ त्याला गाठायची होती. मी हो म्हटलं. खरं का खोटं, ते बघायचा धीर झाला नाही. रेघा दोन बाजूंना होत्या, तेच बरं झालं." बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. "आज तू बघ. आणि मला सांग."

दीपाली उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसली. टेपचं टोक दोनदा निसटलं. तिने आधी डावीकडचं माप घेतलं, मग उजवीकडचं, मग दोन्ही पुन्हा घेतली, आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली.

"दीपाली, चौथी, एकशे सव्वीस पूर्णांक दोन. सोनबा, अठ्ठ्याण्णव, एकशे सव्वीस पूर्णांक सहा."