स्वयंपाकघरातली तार

शिरपूरच्या खेमचंदशेटच्या घरात देवमननं सकाळपासून पाच खोल्यांत तार ओढली. परवाना असलेला वायरमन तो, हात मोठा सफाईचा. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला आणि शेटाणी पानाबाई आडव्या झाल्या. देवमन बौद्ध. त्यानं बैठकीत खुंट्या ठोकलेल्या चालल्या, चुलीजवळ मात्र विटाळ होतो म्हणे. धन्य आहे बाई!

तिथलं काम चार दिवसांपूर्वी शेटच्या लगतच्या दुकानातल्या नोकरानं उरकलं होतं, आणि दुकानाच्या मीटरवरून वीजही जोडली होती. देवमननं उंबऱ्यावरूनच तार ओळखली. दारावरच्या घंटीची तार ती! बारा व्होल्टांपुरतं पातळ वेष्टन आणि आतून दोनशे तीस सोडलेले. देवमनच्या हातातल्या भेंडोळ्यावर साडेसहाशे व्होल्टांचा छाप होता. ओल, वाफ, उष्णता सोसायची तर तेवढं जाड वेष्टन हवंच. त्या ओल्या भिंतीशी दिवसभर शेटची सून प्रेमाबाई राबत होती.

घराच्या नव्या मीटरसाठी वीज ऑफिसात द्यायच्या कागदावर वायरमनची सही लागणार होती. शेट म्हणाले, तू बाहेरूनच सांग, नोकर करील, सही कर आणि मोकळा हो. वर ठेकेदार आपल्या ओळखीचा असल्याचंही ऐकवलं. देवमनचं पोट त्याच ठेकेदाराच्या कामावर चालत होतं. तरी त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानं शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं: 'स्वयंपाकघरातली तार जिवाला धोक्याची. मी बौद्ध म्हणून मला आत जाऊ दिले नाही.' खाली सही केली.

"हे साहेबाले दिसन ना," शेट चाचरले.

"दिसाले पायजे म्हणूनच लिवलं."

तेवढ्यात प्रेमाबाई दारात आली. भिंतीला हात लागला की झिणझिण्या येतात, हे तिनं दोनदा सांगितलं होतं आणि दोनदा तिला गप्प बसवलं होतं.

"आत्याबाई, विटाळ तुमाले होते, मराचं मले हाय," ती म्हणाली. "देवमनभाऊ, या आत."

देवमननं आधी दुकानातला फ्यूज काढला. मग आत जाऊन ती तार उपटली, नवी बसवली. पानाबाई तोंड फिरवून बसल्या.

काम झालं तशी शेटची जीभ गोड झाली. आता शेरा खोडून टाक म्हणाले. देवमननं पहिलं वाक्य खोडलं, तिथं 'तार बदलली' लिहिलं. दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली नाही.

"ते बी खोड ना. आता तं गेला ना आत?"

"सूनबाईनं नेलं मले. तुमी नाही."

कागदाची घडी खिशात घालून तो ऑफिसच्या वाटेला लागला.