डाव्या हाताची सोलणी

मित्रांनो, मी एक जुनी सोलणी आहे. बटाट्याची नव्हे हं, मक्याच्या कणसाची! करंगळीएवढा टणक लाकडाचा टोकदार आकडा आणि त्याला चामड्याचा पट्टा, एवढाच माझा संसार. पट्टा तळहातावर बांधायचा, माझं टोक कणसाच्या शेंड्यात खुपसून खस्सकन ओढायचं, की कणसाचा हिरवा अंगरखा उतरलाच.

मला एका सुताराने आपल्या लेकीसाठी घडवलं. लेक डावखुरी आणि बाजारातल्या सगळ्या सोलण्या उजव्या हाताच्या. म्हणून त्याने माझं टोक उलटं वळवलं. तिच्या हातात मी अशी सुसाट चालायचे की बायका म्हणायच्या, "हिच्याशेजारी बसू नका गं, आपण आळशी दिसतो." मी नुसती फुगून जायचे.

पुढे तिच्या भावाला मुलगी झाली आणि ही लेक घरात सगळ्यांची आत्या झाली. मग एका आजारपणात तिच्या डाव्या हातातलं बळ गेलं. मूठच मिटेना. माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. तिच्या वहिनीने मला एकदा वापरून पाहिलं, पण उजव्या हाताला बांधून! मी तिचं मनगट ओरबाडलं.

"ही सोलणी आहे की मांजर?" वहिनी वैतागली. झालं, मी कायमची बदनाम.

यंदा शेडमध्ये कणसांचा ढीग पडला. सगळे गप्पा मारत सोलत होते आणि आत्या लांब, दाराशी खुर्चीत. कुणी बोलावलं की म्हणायची, "मी येऊन काय करू, शोभा आणू?" आणि ढिगाकडे बघत राहायची.

माझा डबा भंगारात निघाला होता. भाचीने मला उचललं, उजव्या हाताला बांधलं आणि ओरबाडून घेतलं.

"उलट्या हाताला बांधलीस, येडे," आत्या म्हणाली. "ती डाव्या हाताची आहे."

"मग तूच बांध की."

"मूठ कुठे मिटतेय माझी?"

भाचीने पट्ट्याकडे पाहिलं. "ही तर हाताला बांधायची. मूठ कशाला लागतेय?"

आत्याने डावा हात पुढे केला. भाचीने मला तिच्या तळहातावर घट्ट बांधलं आणि कणीस मांडीवर ठेवलं. पहिल्याचं पान अर्धवट फाटलं. दुसरं निसटलं. तिसऱ्याला मी जीव खाऊन रुतले आणि आत्याने अख्खा हात मागे ओढला. खस्स!

वहिनी सरकली. "या वन्सं, बसा इथे. पण जरा लांबच. मी आळशी दिसेन."

मित्रांनो, जुनी वस्तू ओरबाडायला लागली तर लगेच डब्यात टाकू नका. ती कोणाच्या हाताची आहे, एवढं विचारा. आणि माझ्या पट्ट्याला कुणीतरी तेल लावा रे. आत्या उद्याही बसणार आहे.