पाठ असलेली ओळ

"अप्पासाहेब, हे लिहिणारा झोपला होता काय हो?" विठोजींनी स्टेन्सिलवरची मान वर न करता विचारलं. "पहिली ओळ पुरी. पुढं प्रत्येक ओळीच्या शेवटी नुसतं एकच अक्षर."

अप्पासाहेब बेळगावकडचे. अठ्ठावन्न साली बंगळुरातल्या एका धर्मशास्त्राच्या कॉलेजात ते चार-सहा मुलांना अक्कादी शिकवत. बाबिलोनची ही जुनी भाषा ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूनं टोचून लिहीत. तिची खिळ्यांसारखी अक्षरं टाइपरायटरवर कुठून असणार? मुलांना वाटायच्या प्रतींसाठी ती लेखणीनं स्टेन्सिलवर काढायला विठोजी होते. त्यातलं वाचता त्यांना काही येत नसे.

"झोपेल कसा? माती वाळत असते," अप्पासाहेब म्हणाले. "रागावलेल्या देवाला समजवायची प्रार्थना आहे ही. 'तुझं मन शांत होवो' हे प्रत्येक ओळीत येतं. एकदा पुरं लिहायचं, मग पहिलं अक्षर टोचून मोकळं व्हायचं. म्हणणाऱ्याला पाठच असायचं. तो मात्र दर वेळी पुरं म्हणायचा."

विठोजींची लेखणी थांबली.

लग्न झाल्यावर सगुणाबाई रोज सकाळी दारापर्यंत यायच्या. "जपून जावा. उपाशी राहू नका. दिवे लागायच्या आत या." पोरं झाली, घरातली कामं वाढली, तसं त्यातलं एकेक गळत गेलं आणि "जपून" तेवढं उरलं. विठोजी वहाणा घालता घालता "सरी" म्हणत. बरं म्हणायची ही बंगळुरी रीत त्यांना जन्मभर पुरली होती. दसऱ्यापासून सगुणाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. सकाळी त्या नुसता हात उचलत. विठोजी त्यालाही "सरी" म्हणून निघत. या बाईला आपण कधी पुरं उत्तर दिलंच नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. ती आहे तोवर ते द्यायला हवं.

त्या दिवशी ते कॉलेजातून लवकर निघाले. शिवाजीनगरच्या गल्लीत अजून दिवे लागले नव्हते. सगुणाबाई जाग्या होत्या. विठोजी उशाशी बसले. बायकोशी असलं बोलायची सवय नाही, त्यामुळे शाळेत पाठांतर म्हणावं तसं म्हणाले, "जपून गेलो. डबा पुरा खाल्ला. दिवे लागायच्या आत आलो."

सगुणाबाई बघतच राहिल्या. मग दम लागेपर्यंत हसल्या.

"ऐकत होता म्हणायचं."

"रोज. तू आता बोलू नको. मी म्हणतो."

पुढं रोज संध्याकाळी ते पुरं म्हणत आणि त्या डोळे मिटून ऐकत. संक्रांतीच्या आधी त्या गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर विठोजी कामाला निघाले. सून चंपा स्वयंपाकघरात होती. दारात त्यांनी वहाणा घातल्या आणि तसेच वाकून राहिले. घरात कोणी काही म्हणालं नाही.

"सरी," ते म्हणाले.

"मामंजी, काही हवंय?" चंपानं आतून विचारलं.

"काही नाही."

भिंतीला हात लावत ते पायऱ्या जपून उतरले.