शेवटचं उदाहरण

चौक गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मेहनाजबाई नऊ वर्षं शिकवत होत्या. सातवीपर्यंतची शाळा, शिक्षक दोनच. लहान वर्ग गुरुजींकडे आणि पाचवी, सहावी, सातवी बाईंकडे. म्हणजे गणित, विज्ञान, इतिहास, इंग्रजी, सगळं त्यांच्याच गळ्यात. रोज सकाळी त्या कर्जतहून स्कूटीवर यायच्या आणि फळ्यावर तीन रेघा मारून एकाच वेळी तीन वर्ग चालवायच्या.

दर वर्षी दिवाळी सरली की वर्ग निम्मा व्हायचा. वरच्या कातकरी वाडीतली घरं वीटभट्टीवर निघायची, भिवंडीच्याही पलीकडे. पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं एका टेंपोत. परत यायची ती मे महिना संपता संपता. त्यामुळे वाडीतल्या मुलांचं कुठलंच वर्ष कधी पुरं होत नसे.

बायजा हिलम त्यातलीच. सातवीत होती. नाव आजीचं ठेवलेलं, आणि बोलणंही आजीसारखंच, तोलून मापून. तिला पूर्णांकांचा गुणाकार यायचा, पानाचे भाग यायचे, शिवरायांचा राज्याभिषेक तारखेसह यायचा. पण महाराजांच्या माघारी स्वराज्याचं काय झालं, वर्तुळाचा परीघ कसा काढतात, आवाज तयार कसा होतो, हे सगळं दिवाळीनंतरचं. ते तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

त्या वर्षी पुस्तकांचे चार भाग होते. प्रत्येक भागात सगळे विषय एकत्र शिवलेले, म्हणजे दप्तराला वजन नको. बायजाचे पहिले दोन भाग हाताळून मऊ पडले होते. दिवाळीच्या सुट्टीआधी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, तीन नंबरच्या भागात काय काय हाय?"

बाईंनी कपाटातून तिसरा आणि चौथा भाग काढून अनुक्रमणिका वाचून दाखवली. बायजा ऐकत होती. चौथ्या भागाच्या टोकाला ताऱ्यांचा धडा आला तशी म्हणाली, "तारे पार शेवटाला ठेवलंत व्हय?"

त्या संध्याकाळी बाई वाडीवर गेल्या. एक वर्ष तरी मुलीला आजीपाशी मागे ठेवा, म्हणून हिरामणला, तिच्या बापाला, खूप समजावलं. त्याने ऐकून घेतलं.

"ठेवली आसती, बाई. पर आमी दोगं मातीत आसतो दिसभर. बारकीला कोन बघंल?"

बारकी म्हणजे सुरभी, अडीच वर्षांची. अंगणवाडीच्या ताईंनी हौसेने ठेवलेलं नाव. ती बायजाच्या कमरेवरून उतरतच नसे. बायजाची आई सोनुबाई चुलीपाशी बसून होती, ती नुसती हसली. बाई उठल्या.

जाताना सरकारी नियमाप्रमाणे बाईंनी बायजाला शिक्षण हमी पत्रक दिलं. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पण ती शाळा हमरस्त्याच्या पल्याड निघाली. बारकीला घेऊन बायजा दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. ते कळल्यावर बाईंनीच तोड काढली. रविवारी सोनुबाई आणि हिरामण आठवड्याच्या बाजाराला जात, फोन बायजापाशी ठेवून. तेव्हा चार वाजता बाई फोन करणार. बायजाने हे घरी सांगितलं नव्हतं. पुस्तकाचे पुढचे दोन्ही भाग त्यांनी तिच्याबरोबर दिलेच होते.

आणि खरंच, शाळा सुरू झाली. भट्टीवरच्या खोपीत रेंज नसायची, म्हणून बायजा विटांच्या थप्पीवर चढून बसायची. बारकी तोवर खोपीत झोपलेली असायची. बाई कर्जतला घराच्या गच्चीत, मांडीवर पुस्तक घेऊन. एका रविवारी बदलांचा धडा चालू होता.

"बाई, कच्ची वीट पान्यात इरघळते. भाजलेली नाय इरघळत. म्हंजी ती आता परत माती व्हनारच नाय?"

"नाही होणार. ह्यालाच रासायनिक बदल म्हणतात."

"आसं व्हय," बायजा म्हणाली. "आमी रोज त्येच करतो मंग."

बाईंनी हे घरी आईला सांगितलं, शाळेत गुरुजींना सांगितलं. नऊ वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाने धडा असा हातात धरून उलटापालटा करून पाहिला नव्हता. अख्तरुन्निसा, बाईंची आई, कुरकुरायची की लेकीने रविवारही शाळेलाच वाहिला. पण चार वाजले की चहाचा कप मुकाट्याने गच्चीत नेऊन ठेवायची.

फेब्रुवारीत पायथागोरसचा सिद्धांत आला. बाईंनी सांगितलं, तीन विटा आडव्या लाव, चार उभ्या, कोपरा काटकोनात धर, आणि तिरपं अंतर विटांनीच मोज. बायजाने फोन ठेवून मोजलं. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. "पाच! बरोबर पाच, बाई! जरा पन कमीजास्त नाय."

पुढच्या रविवारी त्याच्यावरची उदाहरणं होती. बायजा भराभर सोडवत होती आणि बाईंना चेव चढला होता. एक झालं, दुसरं झालं, चौथं झालं. मग बायजा म्हणाली, "बाई, ठेवू का आता? बारकी उठली आसंल."

"एकच," बाई म्हणाल्या. "हे शेवटचं उदाहरण, मग ठेव. पाया सहा, उंची आठ. कर्ण किती?"

पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. "साही साही छत्तीस. आठी आठी चौसष्ट. शंभर... धा! धा, बाई!"

"शाब्बास! आता हे नीट लिहून ठेव. पायरी पायरीने."

ती लिहीत असावी. मिनिटभर काहीच नाही. मग बायजाने हाक मारली, फोनमध्ये नाही, दूर कुठेतरी. "सुरभे!" पुन्हा एकदा. मग फोन विटांवर आपटल्याचा आवाज, आणि त्यानंतर जे ऐकू आलं ते बाईंनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. फोन तसाच चालू राहिला होता. त्या इकडून "बायजा, बायजा" करत राहिल्या. मग तो बंद पडला.

काय झालं ते मंगळवारी कळलं. वाडीतला मंगळ्या, ज्याचा भाऊ त्याच भट्टीवर होता, शाळेच्या पायरीवर येऊन टेकला. चिखल कालवायला पाणी साठवतात तो खड्डा, पुरुषभर खोल आणि काठाला कुंपण नाही. बारकी उठून बहिणीला शोधत आली आणि त्यात बुडाली. मालकाने दुसऱ्या दिवशी भोवती चार काठ्या रोवल्या.

"पोरगी फोनवर बोलत बसली व्हती म्हनं," मंगळ्या म्हणाला. "कुनाशी कोन जाने. आजकालच्या पोरी."

मेहनाजबाईंच्या तोंडात शब्द आला होता. तो तिथेच राहिला. मंगळ्या पाणी पिऊन निघून गेला.

त्यांनी फोन लावले. आधी लागले नाहीत. मग एकदा हिरामणने उचलला, "कोन?" म्हणाला आणि बाईंनी फोन ठेवून दिला. भट्टीवर जावं असं रोज ठरवायच्या, रोज काहीतरी निघायचं. परीक्षा आल्या, निकाल लागले. बायजा उत्तीर्ण झाली, कारण सातवीत कुणाला नापास करत नाहीत. नमाजानंतर दुआला हात उचलले की काय मागावं हेच त्यांना कळत नसे. अख्तरुन्निसाने एकदा विचारलं, हल्ली रविवारी गच्चीत जात नाहीस ती? बाईंनी ऊन लागतं म्हणून सांगितलं.

मे संपता संपता टेंपो परत आले. जूनमध्ये शाळा भरली. सातवी झालेली मुलं दाखला न्यायला आली, आठवीला दुसरीकडे नाव घालायचं होतं. बायजा आली नाही. तीन दिवस वाट पाहून चौथ्या दिवशी बाई दाखला पर्समध्ये घालून वाडीवर गेल्या.

हिरामण वाटेतच भेटला. वाळला होता. बायजा कशी आहे विचारलं, तर त्याने मान दुसरीकडे फिरवली.

"हाय. पानी भरती, लाकडं आनती. बोलत नाय. आन तिची आई तिच्याशी बोलत नाय. चार महिनं झालं, नावानं हाक नाय मारली पोरीला. मी सांगून दमलो, बाई."

सोनुबाई घराच्या कुडाला माती लिंपत होती. बायजा पलीकडे शेळीपाशी बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी. बाईंना पाहून तिच्या डोळ्यांत भीती आली. शिक्षकाची नव्हे, दुसरीच. बाईंना ती लगेच उमगली. आपण काही बोलू, ह्याची तिला भीती वाटत होती. ह्या पोरीने चार महिन्यांत बापालासुद्धा सांगितलं नव्हतं की फोनवर कोण होतं आणि काय म्हणालं होतं.

बाईंनी चपला काढल्या. "सोनुबाई, मला बोलायचंय."

सोनुबाईचा हात थांबला नाही.

"त्या दिवशी फोनवर मी होते. मी गणित शिकवत होते. बायजा म्हणाली होती, ठेवू का, बारकी उठली असेल. मी तिला थांबवलं. एकच उदाहरण म्हणाले. तिचा दोष नाही. तिला तिची बहीण आठवली होती. मीच तिला जाऊ दिलं नाही."

सोनुबाईचा हात कुडावरच राहिला. पाचही बोटं ओल्या मातीत. हिरामण मागे येऊन उभा होता. शेळी ओरडली.

"तवाच का नाय सांगितलंत?" सोनुबाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "चार महिनं माज्या पोरीला मी..." ती तिथेच अडली.

भीती वाटली, एवढंच खरं होतं, आणि ते ह्या बाईसमोर उच्चारायची लाज वाटली.

"जा, बाई," सोनुबाई म्हणाली. "तुमी वाईट नाय. पर पुन्यांदा आमच्या दारात येऊ नका. मला बघवनार नाय."

बाईंनी दाखला हिरामणच्या हातात दिला, चपला घातल्या आणि उतरणीला लागल्या. पंधरा-वीस पावलं गेल्या असतील, तोच मागून सोनुबाईचा आवाज आला. मोठा, चिरकलेला.

"बायजे! ए बायजे, हिकडं ये गं."

बाईंनी वळून पाहिलं नाही. पाहायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं. मागे आधी एकीचं रडणं सुरू झालं, मग दोघींचं. ते ऐकतच त्या उतरल्या.

बायजाचं नाव आश्रमशाळेत आठवीला लागलं, हे जुलैत मंगळ्याकडून कळलं. बाईंना आनंद झाला, पण तो आनंद कुणापाशी बोलून दाखवायची सोय नव्हती. फोनवर त्यांनी पुन्हा कुणाला शिकवलं नाही. दिवाळीनंतर वर्ग निम्मा झाला, तेव्हा गुरुजी म्हणाले, गेल्या वर्षीसारखं काही करायचं का? बाई नाही म्हणाल्या, आणि का ते सांगितलं नाही.

एकदाच दिसली ती बायजा. चौकच्या नाक्यावर टेंपोत मागे सहा-सात मुली गणवेशात बसल्या होत्या, त्यांत कडेला. उंच झाली होती. बाई स्कूटीवर, आडव्या थांबलेल्या ट्रकच्या मागे अडकलेल्या. दोघींची नजर भेटली. बायजाने ओळख दाखवली नाही आणि तोंडही फिरवलं नाही. ती बघत राहिली, बाई बघत राहिल्या. मग ट्रक हलला आणि टेंपो खोपोलीच्या रस्त्याला वळला.

बाई शाळेत पोचल्या तेव्हा घंटा होऊन गेली होती. तिन्ही वर्ग वाट पाहत बसले होते.