चार कोऱ्या ओळी

आमच्या इंग्रजी विभागात शिफारसपत्राची एक ठरलेली पद्धत आहे. विद्यार्थ्याने स्वतःचं पत्र स्वतःच लिहून आणायचं आणि माझ्या टेबलावरच्या निळ्या ट्रेमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मी सही करतो, मामा शिक्का मारतात, पाकीट बंद करतात आणि टपालात टाकतात. मामा म्हणजे विभागाचे शिपाई. ही पद्धत मी सुरू केलेली नाही. माझे सरही मला म्हणाले होते, "मसुदा करून आण." मी केला होता, आणि त्यात स्वतःला कुशाग्र म्हणवून घेतलं होतं.

विभागप्रमुख म्हणून माझ्याकडे एकाही मुलाचं पत्र रखडलेलं नाही, याचा मला अभिमान होता. वाचत बसलो असतो तर रखडली असती. मुलं काय लिहितात हे न वाचताही ठाऊक असतं. 'माझ्या संपूर्ण कारकिर्दीतील सर्वांत हुशार विद्यार्थी' या वाक्याखाली एकाच वर्षात अकरा जणांनी माझी सही नेली. त्यातले दोघे एकाच संस्थेत गेले आणि तिथून विचारणा झाली, की या दोघांतला नक्की कोण? मी कळवलं, दोघेही. वेळ मारून नेण्यात मी कधीच कच्चा नव्हतो.

यंदा परदेशातल्या शाळांत वर्षभर इंग्रजी शिकवायला जाण्याच्या शिष्यवृत्तीसाठी आमच्याकडून सात अर्ज गेले. पदवी मिळाल्यावर एकदाच, त्याच वर्षी अर्ज करता येतो. सात पत्रं ट्रेमध्ये आली, सात सह्या झाल्या, चहा निवायच्या आत काम आटोपलं.

तीन आठवड्यांनी सकाळी निवड समितीच्या सचिव बाईंचा फोन आला. आवाज मऊ होता. असे आवाज मला आवडत नाहीत, कारण त्यांच्यावर चिडता येत नाही.

"तुमच्या एका विद्यार्थिनीच्या पत्राबद्दल विचारायचं होतं," असं म्हणून त्यांनी तिचं नाव सांगितलं. "पत्रात लिहिलंय, की ती नियमित आहे. मग लिहिलंय, की वर्गासमोर उभी राहिल्यावर सुरुवातीला ती घाबरते. त्यानंतर 'तिच्या शिकवण्याबद्दल माझं मत पुढीलप्रमाणे' असं आहे, आणि पुढे चार ओळींची कोरी जागा. त्याखाली तुमची सही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. काय झालं असणार हे मला लगेच कळलं. बाकीच्या सहा जणांनी स्वतःला हरभऱ्याच्या झाडावर चढवून घेतलं होतं. या एका मुलीने जे खरं आहे ते लिहिलं आणि माझ्या मताची जागा माझ्यासाठी सोडली. सर वाचतील, सर भरतील, असं तिला वाटलं. आणि सरांनी त्या कोऱ्या जागेखाली झोकात सही ठोकली.

"काही जण चांगलं लिहिण्यासारखं नसलं की जागा सोडतात," बाई म्हणाल्या. "तसं समजायचं का?"

"छे, छे. टंकलेखनात राहून गेलं असेल."

"मग आत्ता तोंडी सांगा. मी लिहून घेते."

खरं सांगायचा रस्ता होता. पण पत्र मी स्वतः लिहिलं आहे, अशा प्रतिज्ञेवरही माझी सही होती. ती प्रतिज्ञा खोटी ठरली असती तर तिचा अर्ज बाद झाला असता, असं मी स्वतःला सांगितलं. माझंही काय काय बाद झालं असतं, ते मी स्वतःला सांगितलं नाही.

"मेहनती आहे," मी म्हणालो. "वक्तशीर आहे. वागायला नम्र आहे."

"हे तुम्ही बाकीच्या सहाही जणांबद्दल लिहिलंय. एखादा प्रसंग सांगा ना."

खरी पंचाईत इथे होती. मला तिचा चेहराच आठवेना. नाव ओळखीचं वाटत होतं, पण हजेरीपटावरची सगळीच नावं ओळखीची वाटतात. तीन वर्षं ती माझ्यासमोर बसली होती, आणि फळ्याच्या डाव्या बाजूला की उजव्या, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं. तेवढ्यात एक प्रसंग डोळ्यांपुढे आला. वक्तृत्व स्पर्धेत वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला, आणि एक मुलगी जराही न अडखळता अंधारात दहा मिनिटं बोलत राहिली. ती कोण होती देव जाणे. मी तो प्रसंग रंगवून सांगितला आणि हिच्या नावावर चढवला.

"हे छान आहे," बाई म्हणाल्या. पलीकडून लिहिल्याचा आवाज येत होता.

घरी जेवताना मी ही गोष्ट बायकोला विनोद म्हणून सांगितली. ती पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. सत्तावन्न मुलांच्या प्रगतिपुस्तकांत प्रत्येकासाठी वेगळा शेरा लिहिते आणि मार्च महिनाभर माझ्याशी नीट बोलत नाही.

"कोणती मुलगी?" तिने विचारलं.

"तेच तर आठवत नाही."

"मग अहो, त्या बाईंना सांगितलंत कोणाबद्दल?"

"असेल कोणीतरी. मुलीचं भलंच केलं ना मी?"

"तुमच्यापुढे माझं राजीनामापत्र ठेवलं तरी सही कराल तुम्ही," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

बारा दिवसांनी दुपारी एक मुलगी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. बारीक अंगाची, खांद्याला कापडी पिशवी. मी वर न बघताच म्हणालो, "मसुदा ट्रेमध्ये ठेव. उद्या मिळेल."

"मसुदा नाही, सर. माझी काल मुलाखत झाली."

कोण आहेस, असं विचारायची सोय नव्हती. मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"सर, त्यांनी मला वक्तृत्व स्पर्धेबद्दल विचारलं. वीज गेली होती त्याबद्दल."

माझी पाचावर धारण बसली. "मग?"

"मी कधी स्पर्धेत भागच घेतला नाही. मी म्हटलं, ती मी नव्हे. सरांकडे खूप मुलं असतात, काहीतरी घोटाळा झाला असेल."

ती हे इतक्या साधेपणाने बोलली, की त्यात टोमणा शोधूनही मला सापडला नाही. टोमणा असता तर मला जरा हलकं वाटलं असतं.

"मग त्यांनी विचारलं, प्रत्यक्ष शिकवलंयस का? मी म्हटलं, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे तुमचा पहिल्या वर्षाचा तास मी घेतला होता. त्यांनी विचारलं, तुला शिकवताना कुठल्या शिक्षकांनी पाहिलंय का? मी नाही म्हटलं. तुम्ही तर दवाखान्यात होतात."

म्हणजे ही ती होती. दवाखान्यातून मी फोनवर सांगितलं होतं, की तिसऱ्या वर्षाची कोणीतरी एक मुलगी बसवा तासाला. परत आल्यावर तास कसे झाले हे मी कोणाला विचारलं नव्हतं.

"निकाल कधी आहे?" मी विचारलं.

"सोमवारी. नाही झालं तर एक तारखेपासून दादाच्या ओळखीने रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बसायचंय. दादा म्हणतो, पक्की नोकरी आहे, सोडू नकोस." तिने खांद्यावरची पिशवी सावरली. "मला वाटलं, तुम्हाला आधीच सांगून ठेवावं. त्यांनी तुम्हाला परत फोन केला तर तुम्ही गोंधळून जाल."

ती गेली. मला लाज वाटली. आयुष्यात मी बऱ्याचदा खजील झालो आहे, पण ते पकडला गेलो म्हणून. या खेपेला जिने मला पकडायला हवं होतं, तीच माझी काळजी करून गेली होती.

मी दार लावून सचिव बाईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. ट्रे, मसुदा, कोरी जागा, दुसऱ्याच मुलीचा प्रसंग.

"मुलाखतीतच आमच्या लक्षात आलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमची सातही पत्रं आम्ही बाजूला काढली आहेत. यापुढे तुमची शिफारस आम्ही धरणार नाही. तसं प्राचार्यांनाही लेखी कळवतो आहोत."

"बरोबर आहे. पण तिचं काय?"

"तिने मुलाखतीत खरं सांगितलं, म्हणून तिला एक संधी देता येईल. तिला शिकवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं पत्र पाहिजे. विद्यार्थी चालणार नाहीत, महाविद्यालयात नोकरीला असलेलं कोणीही चालेल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत."

तो गुरुवार होता. मी सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं. ज्यांच्या वर्गाला लागून पहिल्या वर्षाचा वर्ग होता, त्या प्राध्यापिका म्हणाल्या, भिंतीतून हसण्याचे आवाज यायचे, मी एकदा तक्रारही करणार होते. एवढ्यावर पत्र होत नाही. मी डोकं धरून बसलो होतो, तेव्हा मामा पाण्याची बाटली भरून आत आले.

"मामा, त्या तीन आठवड्यांत पहिल्या वर्षाच्या तासाला कोणी गेलं होतं का हो?"

"मीच होतो की, सर. तुम्हीच सांगितलं होतं, पोरीची जात आहे, पोरं दंगा करतील, मागच्या बाकावर बसून राहा."

असं मी म्हणालो होतो. दवाखान्यातल्या खाटेवरून मी बऱ्याच गोष्टी म्हणालो होतो.

मी त्यांना समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते, त्यामुळे अगदी कडेला टेकले. पत्र इंग्रजीत जायला हवं होतं. ते बोलत गेले, मी भाषांतर करून संगणकावर उतरवत गेलो.

"पहिल्या दिवशी तिच्या हातून खडू दोनदा पडला," मामा म्हणाले. "मग तिने बाकांचे रस्ते केले. कोण दुकान, कोण बँक, कोण टपाल कचेरी. एक पोरगी कधी तोंड उघडायची नाही, तिलाच टपाल कचेरी केलं. आता सगळ्यांना पत्ता तिलाच विचारायचा, मग ती बोलणार नाही तर काय करणार? मला चौकातला पोलीस केलं."

"तुम्हाला?"

"हो. मी सहा वाक्यं शिकलो. परवा बाहेरचे पाहुणे आले होते ना, त्यांना जिन्यानंतर डावीकडे वळा, हे मीच सांगितलं इंग्रजीत." ते थोडे लाजले. "आणि पोरं चुकली तर ती चूक काढायची नाही. तोच प्रश्न परत विचारायची. दुसऱ्या खेपेला पोरं आपोआप नीट बोलायची. हे घाला पत्रात."

मी घातलं. एकोणतीस वर्षांत शिकवण्याबद्दल इतकं नेमकं मी कधी लिहिलं नव्हतं, आणि हेही माझं नव्हतंच. पण सवय जात नाही. शेवटी पत्र मला उघडंबोडकं वाटायला लागलं, म्हणून माझ्या पदरचं एक वाक्य जोडून दिलं.

छापलेला कागद मी मामांपुढे ठेवला आणि पेन दिलं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा, सर."

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो आणि ते माझ्या आवाजाबरोबर कागदावरून बोट सरकवत गेले. माझं वाक्य मी गाळलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं होतं.

"ही ओळ राहिली."

"ते असंच, शेवटचं."

"तेही सांगा."

मी सांगितलं, "या मुलीइतकी गुणी शिक्षिका आमच्या महाविद्यालयाने आजवर पाहिलेली नाही."

मामा विचारात पडले. "आजवरचं मला काय माहीत, सर? मी तीनच आठवडे पाहिलं."

"तिच्या फायद्याचंच आहे, मामा."

"असेल. पण त्या बाईंनी मला फोन करून विचारलं तर मी काय सांगू?"

मी ओळ काढली आणि कागद पुन्हा छापला. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून माझ्याकडून वाचून घेतला, ओळी मोजल्या, आणि मग सावकाश सही केली.

सोमवारी तिची निवड झाली. निघायच्या आदल्या दिवशी ती विभागात आली. आधी मामांपाशी थांबली, त्यांच्याकडून सहाही वाक्यं म्हणवून घेतली, आणि दोघे हसले. मग माझ्या दारात आली. मी तिला नावाने हाक मारून आत बोलावलं. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. तीन वर्षं शिकवलेल्या सरांना आपलं नाव माहीत असणारच, असं तिने धरलं असावं.