बिनतोंडीचं तोंड

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. ते दगडाचं झालं. आमचे देव साच्यातून निघतात, प्लॅस्टर वाळलं की आलं देवपण. संग्रहालयवाले खरी मूर्ती काचेआड ठेवतात आणि लोकांना हात लावायला आमची नक्कल मांडतात. सगळे जुने देव, ज्यांना आता कुणी पुजत नाही. वादळाचा देव, नदीची देवी. दारूचाही एक आहे, त्याचं पोट बघितलं की मला माझ्या मुलाची काळजी वाटते.

कारखाना माझा. मी शाळेत फार टिकले नाही, पण तोंड घडवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. अंग, बोटं, कपड्याच्या चुण्या मुलगा करतो, सून साचे सांभाळते. तोंड मात्र घरातल्या मोठ्या बाईनंच करायचं, ही सासूबाईंची रीत. त्यांची बारीक कोरणी, तोंडासाठीची, माझ्या कामाच्या अंगरख्याच्या खिशात असते. झोपतानाही उशाशी.

यंदा संग्रहालयाकडून नकलेसाठी एक देवी आली, धान्याच्या कोठाराची. ऐटीत बसलेली, एका हातात माप, दुसरा कमरेवर. आणि मानेवर नुसता खड्डा.

"हिचं तोंड केव्हाच फुटलंय," संग्रहालयातले एक चष्मेवाले साहेब म्हणाले. "कशी दिसायची, कुणालाच ठाऊक नाही. मुलांच्या दालनात ठेवायचीय, तेव्हा तोंड तुम्हीच द्या."

कामगारांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, बिनतोंडी. या घरात बिनतोंडी बाई ही पहिलीच.

मी चष्मेवाल्यांना चहा दिला आणि विचारलं, "हे देव मुळात आले कुठून हो?"

"त्यात दोन मतं आहेत, आजी. एक म्हणतात, वीज कडाडली, माणूस घाबरला, त्याला वाटलं वर कुणीतरी चिडलंय. दुसरे म्हणतात, घरातलं मोठं माणूस मेलं, पण त्याचा धाक जाईना. मग त्याच्या नावानं घास काढून ठेवायला लागले. पुढे त्याला पाहिलेली माणसंही गेली. धाक तेवढा राहिला. तोच देव."

"मग दोन मतं कसली? एकच झालं. तुम्ही आमच्या सासूबाईंना पाहिलं नाहीत!" असं म्हणून मी डावी भुवई चढवली, ओठाचा उजवा कोपरा खाली ओढला, डोळे अर्धे मिटून त्यांच्या कपाकडे बघितलं आणि म्हणाले, "हं. बरं."

त्यांना चहाचा ठसका लागला.

ही नक्कल आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सासूबाई गेल्या तेव्हा माझा मुलगा रांगत होता. त्यांना पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. फोटोसुद्धा नाही, "माझा साचा कशाला काढता?" म्हणायच्या. कपाटाची किल्ली मरेपर्यंत कमरेला. साखर द्यायच्या ती चमचा वरून सपाट करून. पण मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या, आणि सकाळी "सोंगं पुरे झाली" म्हणून उठवलं.

चष्मेवाल्यांनी देवीच्या पायाशी कोरलेलं वाचून दाखवलं, "देते, मोजून देते, विसरत नाही." कोठार उघडं टाकलं तर ती कोपायची, आणि दुष्काळात तीच तारायची. जुने देव असेच, म्हणाले, चांगले नाहीत की वाईट नाहीत, आपल्यासारखे. सून साचा धुताधुता ऐकत होती.

मी माती घेऊन बसले. खरं सांगायचं तर माझा हात हल्ली कापतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. एक पापणी बसली, दुसरी घसरली. "माती भिकार आहे," मी म्हणाले. सुनेनं लगेच दुसरा गोळा मळून दिला, तेच जास्त लागलं. मुलानं करून पाहिलं, तर देवी पोटभर जेवून पेंगल्यासारखी दिसायला लागली. तोंड करणारं कुणी नसेल तर आमचा कारखाना कसला? साचे भरायचे आणि उलटे करायचे, जसं कुणीही करतं.

"आई, मी करू?" सून म्हणाली.

"तुझा हात साचे धुवायला चांगला आहे."

"बघा हं. सोमवारी गाडी येईल, तेव्हा बिनतोंडीच जाईल बिचारी. लोक म्हणतील, यांच्या घरात आता तोंड चालवणारे आहेत, घडवणारे नाहीत."

मुलगा दुसरीकडे बघून हसला. मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. "कर," मी म्हणाले. "बिघडलं तर तुझ्या हातानं फोडायचं. कोरणी मिळायची नाही, साधी हत्यारं घे."

"चालेल. पण होईपर्यंत कुणी बघायचं नाही," म्हणून तिनं दोरीवर चादर टाकली आणि आत बसली. माझ्याच कारखान्यात मला पडदा!

एक मात्र होतं. एरवी माझ्या बोलण्याला कंटाळणारी बाई, आता मधूनच चादरीबाहेर डोकं काढायची. "आई, मागे प्लॅस्टरवाल्यानं ओलं पोतं आणलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी करून दाखवायचे. "आणि पहिलं तोंड बघून तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या होत्या?" मी पुन्हा भुवई चढवायचे. मला वाटलं, उशिरा का होईना, पोरीला माझी किंमत कळली.

रविवारी तिनं चादर ओढली.

मी आधी अंगरख्याला हात पुसले. मग पाठ ताठ केली. मग कळलं की मी हे का केलं. समोर सासूबाई बसल्या होत्या. तीच भुवई, तोच ओठ, माप सपाट करायला निघालेल्या. सुनेनं त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. मी टिंगल करत करत त्यांना एवढी वर्षं माझ्या तोंडावर वागवलं होतं, आणि तिनं त्यांना तिथून उचललं.

सुनेच्या हातात मोगरी होती, फोडायची वेळ आली तर म्हणून. ती माझ्याकडे बघत होती, मी बिनतोंडीकडे. आता बिनतोंडी कसली म्हणा.

"डोळ्यांखाली चूक आहे," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला.

"मी टिंगल करते तेव्हा डोळे कोरडे असतात. त्यांचे तसे नव्हते. खालच्या पापणीला जरा भार दे. रात्री जागलेल्या बाईसारखा." खिशातून कोरणी काढली आणि टेबलावर टाकली. मलाही अशीच टाकून मिळाली होती. "साध्या हत्यारानं नाही व्हायचं ते. ही घे. आणि ठेव."

तिनं मोगरी खाली ठेवली, कोरणी उचलली. दोनदा हात फिरवला, एवढाच. आणि तापातल्या त्या रात्रीसारख्या सासूबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या.

मी बघितलं आणि म्हणाले, "हं. बरं."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मग देवीकडे, मग परत माझ्याकडे. "आई," मुलगा म्हणाला, "हे तू म्हणालीस की देवी?"

मी या खेपेला नक्कल केलीच नव्हती.

सोमवारी चष्मेवाले आले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "कुणाचं तोंड हो हे, आजी?"

"देवीचं," मी म्हणाले. "आणि गाडीत उताणी नका ठेवू. तिला आवडायचं नाही."