बगदाद, म्युनिकमार्गे

२००९ साली पनवेलच्या आमच्या फिल्म सोसायटीला एक जुना जर्मन सिनेमा मिळाला. महायुद्धानंतरचा, विनोदी, गाण्यांनी भरलेला. कथा बगदादची, चित्रीकरण म्युनिकच्या स्टुडिओत. खजुराची झाडं पुठ्ठ्याची आणि सुलतान गोरापान. सबटायटल्स नव्हती.

अशा वेळी कुणीतरी पडद्याशेजारी माइक घेऊन बसायचं आणि संवाद मराठीत सांगायचे, ही आमची पद्धत. मुबीना खांदा कॉलनीत जर्मनचे क्लास घ्यायची, त्यामुळे ती हवीच होती. कमिटीच्या लक्षात मात्र एवढंच राहिलं होतं, की तिचा नवरा कुवेतला असतो.

"मुबीनाताई, बुरख्यात आलात तर वातावरण तयार होईल," अध्यक्ष अविनाश म्हणाले.

"मी बुरखा घालत नाही."

"आमच्याकडे नाटकातला आहे ना!"

"अविनाशराव, सिनेमा जर्मन आहे. वातावरण हवं तर तुम्ही चामड्याची अर्धी चड्डी घालून दारात उभे राहा. मी इथल्याच आपटा गावची. साडी नेसून येईन आणि जर्मन सांगेन."

कमिटीने माइक चारुदत्तला दिला. त्याला जर्मन येत नव्हतं, पण फेटा होता.

पडद्यावर सुलतान न्हाव्यावर ओरडला. चारुदत्त म्हणाला, "सुलतान चिंतेत आहे." मग नायक गाऊ लागला. "नायकही चिंतेत आहे."

"चिंता कसली?" तिसऱ्या रांगेतून मुबीनाचा आवाज आला. "तो सुलतानाला म्हणतोय, तुझ्यापेक्षा माझा उंट सुरात गातो!"

सभागृह हसलं.

"ताई, शांत बसा," अविनाश.

"बसलेच आहे," म्हणत तिने पुढचा संवाद सांगितला. त्याच्या पुढचाही. लोक पडद्याकडे बघत होते आणि कान तिसऱ्या रांगेकडे लावून होते. शेवटी अविनाश वाकत वाकत माइक घेऊन तिच्यापाशी आले.

"घ्या. पण निदान पदर तरी डोक्यावरून..."

"माइक चारुदत्तलाच शोभतो."

"मुबीना, मोठ्याने गं!" मागून सुनंदावहिनी ओरडल्या. त्या अविनाशच्या पत्नी. "आणि अहो, तुम्ही खाली बसा, सुलतान दिसत नाहीये!"

अविनाश जिथे होते तिथेच जमिनीवर बसले. मुबीना उभी राहिली. पडद्यावर सुलतानाने मागणी घातली आणि राजकन्या गाऊ लागली.

"ती नाही म्हणतेय," मुबीनाने सांगितलं.

राजकन्या गात राहिली.

"अजूनही नाहीच म्हणतेय."

"तिसऱ्यांदा तेच?" अविनाशनी खालून विचारलं.

"धृपद आहे," मुबीना म्हणाली. "समजेपर्यंत म्हणायचं असतं."